आधी समोरच्याची बाजू

रविवारची मिस्सा संपून लोक पांगले, तरी फादर चॅपलच्या दारातच उभे होते. समोर कॉलेजचं अंगण होतं. ते ओलांडलं की शिक्षकांच्या घरांची रांग, आणि रांगेतलं शेवटचं घर त्यांच्या वडिलांचं. दर रविवारी दुपारचं जेवण तिथेच असे. एरवी फादर हे अंगण लांब लांब ढांगा टाकत पार करत. आज पाय उचलत नव्हता.

वडिलांना एक गोष्ट सांगायची होती. त्यापेक्षा कॉलेजचं छप्पर एकट्याने उतरवून पुन्हा घालणं सोपं, असं त्यांना वाटत होतं.

"प्राचार्यसाहेब घरी जायला घाबरतात की काय?" मागून ताई आली. कॉलेजच्या फाटकाशी मोफत कायदेसल्ल्याची खोली होती, ती ताई चालवायची. त्या खोलीच्या चाव्या रविवारीही तिच्या हातात असत.

"प्राचार्य नाही घाबरत. तुझा धाकटा भाऊ घाबरतो."

"मी आहे ना तुझ्या बाजूने. ठरलंय आपलं."

"त्या टेबलाशी बसल्यावर कोण कुणाच्या बाजूने राहील, हे कधी आपल्या हातात असतं का?"

ताई हसली, पण नाही म्हणाली नाही. माहेरच्या टेबलाचा तिलाही चांगलाच अनुभव होता.

हे लॉ कॉलेज धर्मगुरूंच्या एका संस्थेने काढलं होतं. कॉलेज खाजगी, इमारत दुमजली. खाली एका अंगाला चॅपल, दुसऱ्या अंगाला लायब्ररी. सकाळी नुकतीच शाळा संपवलेली मुलं शिकत आणि संध्याकाळी नोकरी करून आलेली मोठी माणसं. ताईचे आणि फादरांचे वडील तिथे उभी हयात शिकवत आले होते. ते धर्मगुरू नव्हते, साधे संसारी शिक्षक होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत, दूधवालासुद्धा. निवृत्त झाल्यावर सगळे वर्ग सुटले, एकच काम त्यांच्याकडे राहिलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी नवे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील येत, त्यांना सर कॉलेज फिरवून दाखवत. त्याला सगळे 'ओळख' म्हणत.

आणि सरांची ओळख दोन भागांत असे. पहिला भाग खाली अंगणात. त्यात हे कॉलेज का घेऊ नये, ते सांगायचं. दुसरा भाग वरच्या मजल्यावर, मूट कोर्टात, म्हणजे मुलं खोटे खटले चालवून खरी वकिली शिकतात त्या खोलीत. तिथे हे कॉलेज का घ्यावं, ते सांगायचं. कारण सरांचा पहिला धडाच तो होता. आधी समोरच्याची बाजू मांडा. अशी मांडा, की समोरचा म्हणाला पाहिजे, 'मान्य, हीच माझी बाजू.' तोवर स्वतःबद्दल एक अक्षर काढायचं नाही. वर्गात हा नियम होता आणि घरातही. ताई नि फादर लहान असताना खिडकीजवळच्या खाटेवरून भांडत. तेव्हा ताईला आधी सांगावं लागे, की धाकट्याला ती खाट का हवी. सांगता सांगता तिला ते इतकं पटे, की खाट त्याला मिळे आणि रडू तिला येई.

गेल्या वर्षी मात्र ओळखीचा दिवस संपला आणि बरीच नवी कुटुंबं आपली मुलं काढून दुसऱ्या कॉलेजात घेऊन गेली. संस्थेची बैठक झाली. पुन्हा असं झालं तर संध्याकाळचा वर्ग चालवणं परवडणार नाही, असं बैठकीत सगळ्यांचं मत पडलं. आणि ठरलं, की यंदा सर कॉलेजच्या विरुद्ध एक शब्दही बोलणार नाहीत. हे सरांना सांगायचं काम प्राचार्यांचं. ओळख उद्याच होती.

*

हरकत टेबलावर ताटं मांडत होती. हरकत म्हणजे ताईची मुलगी. बोलायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीला हिची हरकत, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. ते असं चिकटलं, की खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. उद्यापासून ती याच कॉलेजात जाणार होती.

तिने मामाकडे एकदा पाहिलं आणि तिला कळलं, की आज काहीतरी आहे. फादरमामाने सूपच्या पातेल्यात दोनदा मीठ घातलं होतं.

"मामा, तू तिसऱ्यांदा मीठ घालायच्या आत काय ते सांगून टाक."

"हरकत!" ताईने डोळे वटारले.

"अगं, बोलू दे तिला," ताईचा नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. या घरातला एकटाच, ज्याचा कायद्याशी संबंध नव्हता. "मी तर या टेबलाशी बोलतच नाही. माझं काम दुसऱ्यांना तोंड उघडायला लावायचं."

सर हसले. डुलत्या पाठीच्या जुन्या खुर्चीत ते ताठ बसले होते. उद्यासाठी त्यांनी कोट आजच ब्रश करून दाराला लावून ठेवला होता. फादरांची नजर त्या कोटावर गेली आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाबा, उद्याच्या ओळखीबद्दल बोलायचंय."

"बोल की. पाऊणशे माणसं येतील म्हणतात."

"संस्थेने ठरवलंय, की..." फादर थांबले. रोज शेकडो मुलांसमोर बोलणारा माणूस, पण शब्द सापडेना. "यंदा तुम्ही कॉलेजच्या विरुद्ध काही बोलायचं नाही. एक शब्दही नाही. फक्त चांगलं सांगायचं."

डॉक्टरांनी पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला आणि तो तिथेच विरघळू दिला.

"म्हणजे काढलं मला," सर म्हणाले.

"काढलं नाही, बाबा."

"एकच बाजू सांगायची तर छापील पत्रक आहे तुमच्याकडे. रंगीत आहे. ते वाटा. त्याला माणूस कशाला लागतो?"

"बाबा, त्याचं म्हणणं तरी ऐकून घ्या," ताई म्हणाली. ठरल्याप्रमाणे ती भावाच्या बाजूने उभी राहिली होती.

सरांनी रुमालाने ओठ पुसले. "ऐकतो की. ऐकण्याचंच तर खाल्लं आयुष्यभर. नियमाप्रमाणे होऊ दे. आधी मी संस्थेची बाजू मांडतो."

हरकतने खुर्ची पुढे ओढली. आजोबांचा आवाज चढला की घाबरायचं कारण नसे. तो असा खाली आला की मात्र ती सावध होई.

"संस्थेचं म्हणणं असं," सर सांगू लागले. "एक म्हातारा शिक्षक आहे. लोक आपल्या पोरांचं भलं करायला गाठीचे पैसे घेऊन दारात येतात, आणि हा त्यांना दारातच घाबरवतो. वीस वर्षांपूर्वी ते चालून गेलं. तेव्हा दुसरं कॉलेज कुठे होतं? आता रस्त्यापलीकडे आहे, लिफ्टवालं आहे. आलेली माणसं गेली, तर तोटा सकाळच्या वर्गाचा होत नाही. तोटा होतो संध्याकाळच्या वर्गाचा, तो सकाळच्यांच्या फीवर चालतो. तिथे दवाखान्यात पाळी करून आलेली नर्स बसते, बस चालवून आलेला ड्रायव्हर बसतो. म्हाताऱ्याच्या तत्त्वाची किंमत त्यांनी का मोजावी? आणि हे सगळं त्याला कोण सांगणार? त्याचाच मुलगा. म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःच्या मुलालाही पेचात टाकलंय." ते थांबले. "झालं? हीच का बाजू?"

फादरांना 'मान्य' म्हणायचं होतं. नियम तसा होता. पण त्यांनी आधी चमचा उचलून सरळ ठेवला.

"बैठकीत इतकं चांगलं कुणीच मांडलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग मान्य म्हण."

"मान्य."

"अरे, मान्य काय?" ताई उसळली. "त्या बैठकीत बसलेल्यांपैकी निम्मे यांचेच विद्यार्थी! त्यांना ओळखीत काय सांगितलं होतं ते विसरले?"

"अगं," डॉक्टर हळूच म्हणाले, "तू मघाशी दुसऱ्या बाजूला होतीस."

"होते! आता नाही!"

*

आता पाळी फादरांची होती. सरांची बाजू त्यांनी मांडायची. त्यांना वाटलं, हे सोपं आहे, लहानपणापासून पाठ आहे.

"बाबांचं म्हणणं असं, की वकिलाने दोन्ही बाजू ऐकायला शिकलं पाहिजे..."

"अर्धवट," सर म्हणाले. "हे तर पत्रकातही आहे."

फादरांनी डोळे मिटले. वर्गात अडलेल्या मुलाला ते जसं सांगत, तसंच त्यांनी स्वतःला सांगितलं: पाठ म्हणू नकोस, त्याच्या जागी जाऊन उभा राहा.

"बाबा म्हणतात, मी कधीच एक बाजू सांगितलेली नाही. अंगणात मी सांगतो, की फी सरकारी कॉलेजच्या दुप्पट आहे. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. तास चालू असताना चॅपलची घंटा वाजते. मोठ्या कंपन्या इथे मुलं निवडायला येत नाहीत. शनिवारी सगळी पोरं फिरायला जातात, आणि इथल्यांना फाटकाजवळच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकावी लागतात. पण मग मी त्यांना वर नेतो. वर सांगतो, की तो शनिवार म्हणजेच हे कॉलेज. इथे येणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. चॅपलमध्ये जाणारा आणि न जाणारा एकाच बाकावर बसतो. इथे मुलगा नापास व्हायला लागला की आधी मास्तरला झोप येत नाही. म्हणून बाबा म्हणतात, ज्यांनी दोन्ही ऐकलं आणि तरी गेले, त्यांना जाऊ दे. पण..."

फादर मध्येच थांबले. डोळे उघडले.

"पण काय?" सरांनी विचारलं.

"मुलं काढून नेणाऱ्या प्रत्येकाशी मी फोनवर बोललो होतो, बाबा. सगळ्यांनी फी सांगितली, घंटा सांगितली, शनिवार सांगितला. वरचं कुणीच काही बोललं नाही. एकानेही नाही." त्यांनी वडिलांकडे पाहिलं. "गेल्या वर्षी वर कोण कोण आलं होतं?"

सरांनी मीठदाणी उचलली, ताटाच्या उजवीकडून डावीकडे ठेवली.

"बाबा?"

"बाकं होती," सर म्हणाले.

हरकतला वाटलं आजोबा चेष्टा करतायत. मग तिने आईचा चेहरा पाहिला.

"जिना चढवत नाही रे आता एका दमात," सर म्हणाले. आवाज तसाच, तास घेतल्यासारखा. "मधल्या वळणावर थांबलो. लोकांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. ते गेले. थोडा वेळ बसले असतील. मग जेवणाची वेळ झाली, मागच्या जिन्याने उतरून गेले. मी पोचलो तेव्हा पंखे चालू होते नुसते."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" ताईचा आवाज चिरकला.

"काय सांगू? जिना जिंकला म्हणून?"

"मग तुम्ही काय केलंत आजोबा? खोलीत कुणी नव्हतं तेव्हा?"

"दुसरी बाजू मांडली."

"कुणासमोर?"

"अगं, एक बाजू मांडून झाली होती. ती तशी लोंबकळत ठेवून घरी कसा येऊ?"

डॉक्टर उठले आणि उगाचच पाण्याचा जग भरून आणायला स्वयंपाकघरात गेले. जग भरलेलाच होता. सासरे रिकाम्या बाकांना कॉलेजचे गुण सांगतायत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. बायकोचे डोळे भरले की तिला दुसऱ्या कुणाचे भरलेले डोळे खपत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं. ते थोडा वेळ ओट्याशी उभे राहिले.

*

डॉक्टर परत आले तेव्हा टेबलावर चांगलाच गलका चालला होता.

"सोपं आहे," ताई म्हणत होती. "दोन्ही भाग खालीच करा. अंगणात खुर्च्या मांडू."

"चांगलं आधी सांगा आणि वाईट नंतर," डॉक्टर बसता बसता म्हणाले.

"तुम्ही पेशंटला आधी गोळी चघळायला देता आणि मग दात उपटता का?" सर म्हणाले. "आणि खाली काय नि वर काय, ठरलंय ते ठरलंय. मी विरुद्ध बोलायचं नाही. आणि विरुद्ध बाजू न मांडता मी बाजूने बोलणार नाही. संपलं. धाकट्या, उद्या पत्रकं वाटा. मी घरी बसून पेपर वाचेन."

ते शांतपणे म्हणाले, पण बटाट्याचा तुकडा काट्याने उगाच चिरडत राहिले.

"मामा, नेमकं काय ठरलंय?" हरकतने विचारलं. "जसंच्या तसं सांग."

"यंदा सर कॉलेजच्या विरुद्ध एक शब्दही बोलणार नाहीत."

"सर बोलणार नाहीत."

"हो."

"दुसरं कुणी बोललं तर?"

मग एकेकाची मान वळली आणि सगळे फादरांकडे पाहू लागले.

"मी बोलते," ताई घाईने म्हणाली.

"तू?" सर म्हणाले. "तू शनिवारच्या विरुद्ध दोन वाक्यं बोलशील आणि तिसऱ्या वाक्याला रडशील."

"मीच बोलतो," फादर म्हणाले. मघापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. "अंगणात विरुद्ध बाजू मी मांडतो. बाबा, तुम्ही सकाळीच वर जाऊन बसा. सावकाश, थांबत थांबत जा. लोकांना मी स्वतः वर आणून पोचवीन."

"आणि संस्था?" ताईने विचारलं. "प्राचार्यच कॉलेजच्या विरुद्ध बोलले असं कळलं तर तुला इथे ठेवतील? कुठे तरी लांब पाठवून देतील."

"पाठवतील कदाचित."

"मग नाही." सरांनी टेबलावर हात आपटला. काटे उडाले. "माझ्या हट्टापायी तुझी जागा जाणार असेल तर मला नको ती ओळख. मी परवानगी देत नाही."

फादरांनी खुर्ची वडिलांच्या जवळ ओढली.

"बाबा. आधी माझी बाजू मांडा."

हरकतने आजोबांना शब्दासाठी अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"याचं म्हणणं असं," ते सगळ्यांना सांगावं तसं म्हणू लागले, पण बघत होते मुलाकडेच. "मी या कॉलेजचा प्राचार्य आहे. ते मला आवडतं म्हणून त्याचे दोष मला तोंडपाठ आहेत. ते लपवून मी कुणाचं पोर आत घेतलं, तर उद्या त्याच पोराला कोर्टात खरं बोल म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? बदली झाली तर होईल. धर्मगुरूची झोळी लहानच असते. पण..." सर अडखळले. "पण माझे वडील एकदा रिकाम्या खोलीत बोलले. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. तेवढं माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी करणार. झालं?"

"मान्य," फादर म्हणाले.

"मग माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही," सर म्हणाले. "सूप खारट झालंय. कुणी केलं?"

*

दुपारभर अंगणात तालीम चालली. फादर बोलत आणि सर व्हरांड्यात बसून हातवारे करत.

"फी दुप्पट आहे, असं पुटपुटू नकोस! ज्याला भरायची आहे त्याच्या कानाने ऐक. पुन्हा!"

"आजोबा, मामाच्या बोलण्याने मला दुसऱ्या कॉलेजात जावंसं वाटायला लागलंय," हरकत ओरडली.

"शाबास, धाकट्या! आता जमतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दवाखाना उशिरा उघडायचं ठरवलं. सासऱ्यांच्या मागे, हात न धरता पण हाताच्या अंतरावर, ते जिना चढले. मधल्या वळणावर त्यांनी आदल्या संध्याकाळीच खुर्ची नेऊन ठेवली होती. सर तिथे बसले. डॉक्टरांना घाई नव्हती आणि सरांनाही ती दाखवायची नव्हती.

मूट कोर्टात पोचल्यावर सरांनी जावयाला खाली धाडलं आणि खिडकी उघडली. खाली अंगण माणसांनी भरलं होतं. नव्या बॅगा, नव्या चपला, पोरांच्या खांद्यावर आयांचे हात. त्यात हरकत कुठे आहे ते वरून ओळखू येईना. मधोमध फादर उभे होते आणि बोलत होते. फी, हजेरी, घंटा, शनिवार. काही गोष्टी तर सरांनाही कधी सुचल्या नव्हत्या. लायब्ररीत उन्हाळ्यात बसवत नाही, हे त्यांनी कसं काय वगळलं होतं इतकी वर्षं? एक बाई नवऱ्याच्या कानाला लागली. एकाने मुलाची फाइल काखेत घट्ट धरली. पोरगा फारच चांगलं बोलत होता.

मग आवाज थांबला.

सर खिडकीतून मागे झाले आणि न्यायाधीशाच्या टेबलाला टेकून उभे राहिले. बाकं पुसलेली होती. पंखे फिरत होते. फाटकाकडून पावलांचा आवाज येतोय की जिन्याकडून, ते कळेना. त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

जिन्यावर बोलणं ऐकू आलं. दारात आधी एक जाडजूड गृहस्थ आले, धापा टाकत, आणि "बसू का?" म्हणत बसलेच. मग दोन मुली. मग फाइलवाले. मग इतके, की मागच्यांना पुढच्यांच्या खांद्यावरून पाहावं लागलं. काही आले नव्हते, ते अंगणातूनच गेले असणार. हरकत मधल्या रांगेत, अनोळखी मुलींच्या मध्ये, त्यांच्यातलीच एक होऊन बसली होती. सगळ्यांच्या शेवटी फादर आले आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले.

सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. वर्षभर मनात घोळवलेलं भाषण होतं, पण त्यातलं पहिलं वाक्य काही त्यांना आठवेना. ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून बोलू लागले.

"खाली फादर जे म्हणाले, ते सगळं खरं आहे. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. खोटं बोलायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आता नीट बसा."